पाचवी चव आणि लतिकाची आमटी

१५ ऑगस्ट २००२
सुट्टी. झेंडावंदनाला गेलो नाही, पेपरची पुरवणी जास्त महत्त्वाची होती. गोड, आंबट, खारट, कडू यांच्यापलीकडे पाचवी चव असते म्हणे. उमामी. तिच्यासाठी जिभेवर वेगळे रिसेप्टर असतात. ग्लुटामेट आलं की ते जागे होतात. माझे गेली सतरा वर्षं झोपून आहेत. त्यांचा दोष नाही. बायकोची आमटी.

१८ ऑगस्ट
तुळिंजच्या बाजारात चायनीजच्या गाडीवाल्यांना माल देणारं दुकान आहे. तिथून अर्धा किलो अजिनोमोटो आणला, म्हणजे तेच ग्लुटामेट. लतिकाला सांगितलं तर विषय वाढणार. म्हणून बरणी धुतली, भरली, वर ‘दातांसाठी’ अशी चिठ्ठी चिकटवली आणि बेसिनवरच्या फळीवर ठेवली. तिथे कोण बघतंय.

२१ ऑगस्ट
लतिका पाणी भरायला खाली गेली तेवढ्यात आमटीत एक चिमूट टाकली. तीन वाट्या प्यायलो. लग्नानंतर पहिल्यांदाच ‘छान झालीय’ म्हणालो. लतिकानं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

२८ ऑगस्ट
रोज चिमूट, रोज रिझल्ट. दमट हवेनं बरणीतले कण बारीक झालेत, पण इफेक्ट तोच. स्वप्नाचं म्हणणं, आमटी नेहमीसारखीच आहे. नववीतली पोरगी. रिसेप्टर अजून कच्चे.

३ सप्टेंबर
पंधरा तारखेला सोसायटीचा सत्यनारायण. एकशेवीस पानं. आमटीसाठी लतिकानं स्वतःहून नाव दिलं. लोकांना आवडली तर बिल्डिंगमधले आठ डबे तिला मिळणार, सेक्रेटरी ज्ञानदाताईंनी शब्द दिलाय. दोन वर्षं हिच्या डोक्यात डब्यांचंच चाललंय. म्हणाली, तुम्ही रोज छान म्हणता म्हणून धीर आला. मला कसंसंच झालं. बिचारीला काय माहीत, आमटी कोणामुळे छान होते. आता तिला वाऱ्यावर सोडून चालणार नाही.

९ सप्टेंबर
ऑफिसात वटारच्या व्हॅलेरियनला विश्वासात घेतलं. तो म्हणाला, ते टोमॅटोत, सुकटीत मुळातच असतं, वरून घातलंच तर थोडंच पुरतं. माणूस केळीच्या वाडीतला. पुरवण्या वाचत नाही.
तिघांना एक चिमूट, तर एकशेवीस जणांना चाळीस. मोजत बसायला वेळ मिळणार नाही. आख्खी बरणी.

१५ सप्टेंबर, सकाळी ११
नैवेद्याचा स्वयंपाक, त्यामुळे चाखायचा नाही. लतिकानं मीठ अंदाजानंच घातलं. नैवेद्य वाढून बायका आरतीला गेल्या. मी मागे राहिलो. बरणी रिकामी केली, डावानं नीट ढवळलं. नैवेद्य आधीच काढलेला, म्हणजे धर्मालाही धक्का नाही.

दुपारी १.३०
पहिली पंगत उठली. द्रोणात थेंब नाही. प्रसाद टाकायचा नसतो हे मान्य, पण इतकं चाटूनपुसून? जो तो पाणी मागतोय. उमामीनं तोंडाला पाणी सुटतं असं पुरवणीत होतंच. कोणी एक अक्षर बोलत नाही. रिसेप्टर बिझी.

दुपारी ३
शेवटच्या पंगतीला बसलो. एक घोट घेतला. मीठ. नुसतं मीठ.

१६ सप्टेंबर
स्वप्नाला बरणीबद्दल सहज म्हणून विचारलं. मी बरणी ओलीच भरली होती, आतला माल दुसऱ्याच दिवशी दगड झाला. लतिकानं तो फेकला आणि चिठ्ठी वाचून बरणीत बारीक मीठ भरलं. नवरा मिठानं दात घासायला लागला म्हणून तिला कौतुक वाटलं होतं.
म्हणजे अजिनोमोटो माझ्या जिभेला लागलाच नाही. महिनाभर छान लागली ती लतिकाचीच आमटी.

१७ सप्टेंबर
ज्ञानदाताई येऊन गेल्या. डब्यांचं पुढे बघू म्हणाल्या. लतिका बरं म्हणाली.

१८ सप्टेंबर
लतिकाला सगळं सांगितलं. तिला पटलं नाही. आमटीत अर्धा किलो मीठ ओतण्याइतका वेडा माणूस नसतो म्हणाली, माझी चूक उगाच अंगावर घेऊ नका. मी म्हटलं, अगं, तुझी आमटी खरंच छान असते. ती म्हणाली, महिनाभर हेच म्हणत होतात, माझं मन राखायला.
आज पिठलं होतं. फार छान झालं होतं. बोलायची सोय राहिलेली नाही. दोनदा वाढून घेतलं.