मधली सीट रिकामी होती

प्रिय आत्या,

सलाम.

पाच महिने झाले, तुला एक ओळ लिहिली नाही. आज लिहितेय, कारण इथल्या आमच्या चर्चनं माझ्याकडं एक पान मागितलंय. एप्रिलात आम्ही पाच जण तुझ्या गावी येऊन गेलो, त्या प्रवासाबद्दल. 'गरिबांनी आपल्याला काय शिकवलं' असा विषय दिलाय. तीन दिवस लिहायला बसले. तिन्ही दिवस पहिल्याच ओळीत तुझं नाव आलं आणि पुढं हात चालेना. जे त्या पानात लिहिता येत नाही ते आधी तुला सांगायला हवं. त्यातलं निम्मं तुला ठाऊकच आहे. उरलेलं निम्मं माझ्या बाजूचं आहे.

इंग्लंडात येऊन मला अकरा वर्षं झाली. इथं वृद्धाश्रमात नर्स आहे, हे तू सगळ्या गावाला सांगत सुटायचीस. मी इथं काय सांगत सुटायचे, ठाऊक आहे? तुझी गोष्ट! नऊ वर्षांची असताना आई गेली, विधवा आत्यानं मुखेडजवळच्या चाळीस घरांच्या गावात मला वाढवलं, मजुरी करून लातूरला नर्सिंगला घातलं. चर्चमधल्या बायका डोळे पुसत ऐकायच्या. आणि खरं सांगू? मला ते आवडायचं. तुझ्या कष्टांमुळं मला इथं मान मिळत होता.

त्यातूनच तर हा प्रवास ठरला. गावातल्या चर्चला पाण्याची टाकी आणि फिल्टर बसवून द्यायचा, आणि चौघांनी माझ्याबरोबर येऊन आठवडाभर गवंड्याच्या हाताखाली काम करायचं. मी तुला फोन केला, "आत्या, पाहुणे येणारेत. गोरे." तू पहिलं काय विचारलंस? "तिखट खातेत का?"

गुरुवारी आम्ही आलो, तेव्हा तू रस्त्यापर्यंत आली नाहीस. दरवेळी यायचीस. गाडीतून उतरल्या उतरल्या माझी नजर तुला शोधत होती आणि तू दाराच्या चौकटीला धरून उभी होतीस. हसत होतीस. पण चौकट सोडली नाहीस.

मी ते बघितलं, आत्या. बघणं हेच तर माझं काम आहे.

घरात एकच पंखा. तू तो पाहुण्यांच्या तोंडावर लावायला लावलास आणि स्वतः चुलीकडच्या कोपऱ्यात जाऊन बसलीस. तुझी सून सुमन गरम भाकरी वाढत होती. पहिला घास हातात घेतला आणि हेलनच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी! हेलन म्हणजे ती पांढऱ्या केसांची, निवृत्त शाळामास्तरीण.

"ती बाई कामून रडून राहिली?" तू विचारलंस. "तिखट झालं का?"

"नाही गं. तुमच्याकडं काही नाही आणि तरी तुम्ही सगळं वाढताय, म्हणून तिला वाईट वाटतंय."

"माझ्याकडं काय न्हाई ते तिला आल्या आल्या कसं काय दिसलं?" तू म्हणालीस. "जेव म्हणावं आधी. निवून चाललंय."

मी हसले. हेलननं विचारलं, काय म्हणाल्या? मी सांगितलं, "देवानं दिलं तेवढं पुरतं, असं म्हणतेय." तू असं कधी म्हणाली होतीस? पण तिला तेच ऐकायचं होतं आणि मला तेच ऐकवायचं होतं.

मग हेलननं तुझा हात हातात घेऊन विचारलं, तब्येत कशी आहे? तू सरळ उत्तर दिलंस. "दम लागतोय माय. आडवं झालं की जीव कोंडतोय. भिंतीला टेकून बसूनच झोपते." हेलन माझ्या तोंडाकडं बघत होती. मी म्हणाले, "वय झालंय, पण तुम्ही आलात म्हणून ती फार खूश आहे."

का असं केलं मी? जेवणं चालली होती. उगाच घोळ नको वाटला. सांगितलं असतं तर हेलन ताट सोडून उठली असती, सगळ्यांचा दिवस विसकटला असता, असं काहीतरी. आता शोधून कारण सापडतं. तेव्हा ते वाक्य तोंडातून आपोआप गेलं.

तू माझं अंथरूण घातलं होतंस. सुमननं नवी चादर काढली होती. मी म्हणाले, पाहुण्यांबरोबर मुखेडच्या लॉजवर राहावं लागेल, त्यांना भाषा येत नाही. खोटं नव्हतं ते. पण लॉजवर एसी होता, आत्या. तेही खोटं नाही.

संध्याकाळी लॉजच्या गच्चीवर आम्ही प्रार्थनेला बसायचो. दिवसभरात जे मनात आलं ते प्रत्येकानं बोलायचं. आपल्याला किती मिळालंय, आपण किती वाया घालवतो, असंच सगळे बोलत. मग पीटर, तो उंच सुतार, खाली बघत म्हणाला, "आज मी देवाचे आभार मानले की माझा जन्म इथं झाला नाही. आणि लगेच मला स्वतःची किळस आली." खाली बाजारातून दुकानांची शटरं ओढल्याचा आवाज येत होता. मला वाटलं, उठून सांगावं, माझा जन्म इथंच झाला आणि सुटले म्हणून मीही आभार मानते. रोज मानते. इंग्रजीत.

नाही सांगितलं.

शुक्रवारी सकाळी तुझ्या पायांवर माझी नजर गेली. तू पदरानं झाकत होतीस. मी बोटानं घोट्याजवळ दाबलं. खड्डा पडला आणि भरून येईना. इथल्या म्हाताऱ्यांचे पाय मी रोज सकाळी असेच दाबून बघते. असा खड्डा दिसला की अर्ध्या तासात डॉक्टरला फोन जातो. उशीर झाला तर मला लेखी उत्तर द्यावं लागतं. तुझ्या पायावर मी साडी परत ओढली आणि म्हणाले, "आत्या, रविवारी टाकीचा कार्यक्रम झाला की सोमवारी तुला नांदेडला मोठ्या दवाखान्यात नेते."

"हाव," तू म्हणालीस. "कार्यक्रम होऊ दे."

तीन दिवस! तीन दिवसांनी काय होतं, असं वाटलं मला. मला! नर्सला!

शनिवारी दुपारी टाकीच्या चौथऱ्याच्या शेवटच्या विटा देता देता हेलनला घेरी आली. दोनदा उलटी झाली. सगळे धावले. गाडी एकच होती, नांदेडचे खाजाभाई चालवायचे. मागच्या सीटवर पाण्याच्या बाटल्यांचे बॉक्स आणि सामान. मधल्या सीटवर आम्ही हेलनला आडवं केलं. मी पुढं बसायला निघाले आणि बघितलं तर तू ओट्यावर बसून चपला घालत होतीस. कुणी काही न बोलता तुझी तू निघायची तयारी केली होतीस. सुजलेला पाय चपलेत शिरत नव्हता.

खाजाभाई म्हणाले, "मॅडम, आजीला बी घेऊन चलू ना. मॅमसाहेब उठून बसल्या तर दोघी मावतेत."

हेलन बसू शकत होती. मला ते दिसत होतं. तिचा रंग परत येत होता, ती पाणी मागत होती.

मी म्हणाले, "आत्या, तुला सोमवारी नेते ना. आज हिला आडवं राहू दे."

तू एक पाय चपलेत, एक पाय बाहेर, तशीच थांबलीस. मग म्हणालीस, "हाव, हाव. तिला ने आधी. पाहुणी हाय."

तू माझ्यावर चिडली का नाहीस? लहानपणी शेरडाचं दूध सांडलं तर पाठीत धपाटा घालणारी तू! त्या दिवशी एक घालायचा होतास ना! एवढी काय मी मोठी झाले होते?

मी कशाला घाबरले, ते तुलाच सांगते. हेलनला काही झालं असतं तर इथल्या चर्चमध्ये मला तोंड दाखवता आलं नसतं. तुला काही झालं तर कुणी मला काही विचारणार नव्हतं. हिशेब एवढाच होता. आणि मी तो चपळाईनं केला.

नांदेडच्या दवाखान्यात हेलनला दोन सलाईन लावली. ऊन बाधलंय, म्हणाले. दिवस मावळायच्या आत ती चहा-बिस्कीट खात होती. तरी एक रात्र नांदेडलाच थांबा, असं डॉक्टर म्हणाले, म्हणून आम्ही हॉटेल घेतलं. मी सुमनला फोन केला. "बसल्याच हायेत भिंतीला टेकून," ती म्हणाली. "जेवल्या न्हाईत. तुमचीच वाट बघून राहिल्यात." मी म्हणाले, उद्या येतेच.

सकाळी नाश्त्याच्या टेबलावर प्रकाशचा फोन आला. तुझा लेक जास्त बोलतच नाही. म्हणाला, "ताई, आई उठंना."

समोर हेलन टोस्टला लोणी लावत होती. मी फोन कानाला धरून तिच्या हातातल्या सुरीकडं बघत राहिले.

परतीचे दोन तास हेलन मधल्या सीटवर ताठ बसून होती. पाठसुद्धा टेकली नाही. अर्ध्या वाटेत तिनं विचारलं, "काल त्या आपल्याबरोबर येणार होत्या का?"

मला खोटं बोलता आलं असतं. त्या गाडीत मराठी आणि इंग्रजी दोन्ही येणारी मी एकटीच. पण खाजाभाईंनी आरशातून माझ्याकडं बघितलं. मी सगळं सांगितलं. दम, पाय, चपला, मी काय म्हणाले, तू काय म्हणालीस.

ती रडली नाही. म्हणाली, "मला आडवं व्हायची गरज नव्हती. जागा होती म्हणून मी आडवी झाले." आणि मग, "त्यांना चपला घालताना मी बघितलं होतं. कुठं निघाल्यात, एवढंही मी विचारलं नाही."

उन्हामुळं दुपारीच माती द्यायची ठरली. टाकीच्या कार्यक्रमासाठी मांडलेल्या खुर्च्यांवरच लोक बसले. पहिल्या रांगेत चार खुर्च्या पाहुण्यांना सोडलेल्या, तुझ्या पेटीच्या अगदी जवळ. हेलन उठली आणि मागं बायकांमध्ये जमिनीवर जाऊन बसली. तर काय झालं? सुमन, जिची सासू समोर पेटीत आहे ती सुमन, धावत घरात गेली आणि तिच्यासाठी सतरंजी घेऊन आली. कुणी उशी आणली. कुणी पंखा हलवायला लागलं. "बाई, वर बसा, वर बसा," चारी बाजूंनी सुरू झालं. चर्चच्या पाळकसाहेबांना बायबलचं वाचन थांबवावं लागलं.

हेलन उठून परत खुर्चीत बसली. जाता जाता मला म्हणाली, "मी खाली बसले तरी धावावं त्यांनाच लागतं."

तुझ्या पेटीवर मूठभर माती टाकली आणि चौथ्या दिवशी आम्ही विमानात बसलो. टाकी पूर्ण झाली. माझी रजा संपली होती.

इथं आल्यावर मी कुणाला काही बोलले नाही. हेलनही नाही. आम्ही एकाच बाकावर बसतो, गाणी म्हणतो. लोक येऊन म्हणतात, किती सुंदर अनुभव मिळाला तुम्हाला! आम्ही दोघी मान हलवतो.

हे एवढं लिहून मी थांबणार होते. पण काल दुपारी सुमनचा फोन आला. टाकीचं पाणी चांगलं येतंय म्हणाली. पोरं नळाशी खेळतात म्हणाली. मग म्हणाली, "ताई, एक इचारू? दोन दिस झाले, डोकं लई दुखून राहिलंय. अन् डोळ्यापुढं चमकल्यावानी व्हतंय."

आत्या, सुमनला आठवा महिना लागलाय. तुला ठाऊक होतं का? एप्रिलात तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या उन्हात ती सगळ्यांना पाणी देत फिरत होती.

"हातातल्या बांगड्या फिरतात का?" मी विचारलं.

"न्हाई. रुतून बसल्यात. कामून?"

मी म्हणाले, प्रकाशला फोन दे. तो म्हणाला, "मंगळवारी तपासणीची तारीख हाय, ताई." मी ओरडले त्याच्यावर. आयुष्यात पहिल्यांदा. आत्ताच्या आत्ता निघायचं, अंगावरच्या कपड्यांनिशी! मग खाजाभाईंना फोन लावला. ते कुणाच्या तरी लग्नात जेवायला बसले होते. "ताटावरून उठलो बघा," एवढंच म्हणाले. नांदेडला पोचेपर्यंत मी प्रकाशचा फोन चालू ठेवायला लावला. सुमन मधेमधे कण्हत होती, तेवढं ऐकू येत होतं.

दाखल करून घेतलंय. रक्तदाब फार चढलाय. बाळाचे ठोके आहेत. आज सकाळी प्रकाश म्हणाला, "डॉक्टर सारखे येऊन बघून जातेत, ताई, पण काय बोलत न्हाईत." त्यानंतर तीनदा फोन केला, त्यानं उचलला नाही.

मी तिकीट काढलंय. हेलनला सांगितलं. ती येते म्हणाली नाही, मदत करते म्हणाली नाही. फक्त विचारलं, "विमानतळावर किती वाजता सोडू?" खाली ती गाडी घेऊन उभी आहे.

आत्या, तू माफ केलंस का, हे मी विचारत नाही. तू हाव म्हणशील आणि मला ते खरं वाटणार नाही. एवढंच वचन देते. उद्या संध्याकाळी मी नांदेडला पोचेन आणि थेट सुमनच्या खाटेजवळ जाईन. ती बोलत असेल तर ऐकेन. बोलत नसेल तर तिचा हात धरून बसेन. पुढं जे होईल ते होताना मी तिथं असेन, आणि माझी इथली नोकरी राहो न राहो, ती आपल्या पायांनी घरी जाईपर्यंत मी तिला सोडून कुठंही जाणार नाही.

तुझी,
स्नेहा