चार पॅनल, चार साथिये

१० ऑक्टोबर
गाडी तयार झाली. जुनी लोटगाडी, तिच्यावर लोखंडी चौकट, चौकटीवर चार सोलर पॅनल, खाली कंट्रोलरचा डबा आणि दोरीने विहिरीत सोडायचा एक एचपीचा पंप. जिथे विहीर तिथे गाडी. डिझेल नाही, वायरमनच्या विनवण्या नाहीत. इंजिनियर पोरं चार-चार वर्षं कॉलेजात काय करतात कोण जाणे. मी मॅन्युअल दोनदा वाचलं. हिंदी पानं वाचून, इंग्रजी पानं चित्रं बघून.
बायको, इचरजबाई, म्हणाली, दुकान पोराच्या, महावीरच्या, हाती दिल्यापासून तुमचे हात खाजतात. स्वतःचा चहाचा कप विसळत नाहीत, चालले जगाला पाणी पाजायला.
घर की मुर्गी दाल बराबर. मी ऐकून घेतलं.

११ ऑक्टोबर, दुपारी १२
घरामागच्या हौदावर ट्रायल. धार मनगटाएवढी! बादली भरायला किती वेळ लागतो ते 'श्रीराम, श्रीराम' जपून मोजलं. आठ श्रीरामांत बादली काठोकाठ. घड्याळावर माझा भरवसा नाही. घड्याळाचा सेल उतरतो, रामनाम उतरत नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी
फुलीबाईला शब्द दिला. बावीस वर्षं ती माझ्या दुकानातून खुरपी नेते. प्रकाशा गावाच्या पलीकडे नाल्याकाठी तिची एकरभर मिरची आहे. विहिरीला पाणी आहे, पण विजेचा खांब अजून अलीकडेच अडकलाय. निजामचं डिझेल इंजिन भाड्याने आणून ती पाणी देते. दरवर्षी दिवाळी झाली की घरादाराला कुलूप लावून गुजरातला ऊसतोडीला जाते. म्हणाली, "यंदा मिरची हात लागनी ते ऊस तोडाले जावानं नही, शेठ."
मी सांगितलं, इंजिन परत कर, उद्यापासून माझी गाडी. तिने दोनदा विचारलं, पक्कं ना? म्हटलं, सूर्य उगवणार हे जितकं पक्कं तितकं हे पक्कं. यंदा तू गुजरातला जात नाहीस, बस.
निजाम बसस्टँडजवळ मोटारी रिवाइंड करतो. तो म्हणाला, "सोच लो सेठ. इंजिन शहाद्याकडच्या पार्टीला गेलं की दिवाळीनंतरच सुटेल." मी हसलो. धंदा जाणार म्हणून पोटात दुखणारच माणसाच्या.

१२ ऑक्टोबर, दसरा
यंत्राची पूजा. एकच गोष्ट मनाला टोचत होती. मॅन्युअल म्हणतं, पॅनलचं तोंड दक्षिणेला ठेवा. दक्षिण म्हणजे यमाची दिशा! मॅन्युअल लिहिणाऱ्याला घरात कोणी वडीलधारं नसावं. मग मधला मार्ग काढला. तोंड दक्षिणेलाच, पण प्रत्येक काचेवर शेंदराचं स्वस्तिक, म्हणजे आमच्या घरच्या बोलीत साथिया. शेंदूर तेलात घट्ट कालवला, म्हणजे उन्हाने उडायला नको. चार पॅनल, चार साथिये, तळहाताएवढे. काय शोभा आली!
निजाम पेढा खायला आला होता. पेढा हातातच धरून काचेकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, "सेठ, काच साफ रखना." आता मला काच पुसायला हा शिकवणार.
गाडी ढकलत शेतावर नेली. चार किलोमीटर. बादली: एकोणीस श्रीराम. प्रवासाने पंप दमला असावा. माणूससुद्धा दमतो.

१३ ऑक्टोबर
अठरा. सुधारणा आहे.
संकल्प: रोज सकाळी सातला शेतावर हजर. मऊ फडक्याने काच पुसणे. साथियाला धक्का न लावता, काजळ न फिसकटता डोळे पुसावेत तशी कडेकडेने.

१६ ऑक्टोबर
सकाळी सातला जाता आलं नाही, गुडघा. साडेदहाला गेलो. ऊन कडक, आभाळ कोरं. तरी बादली चोवीस. हवेत धूर असावा. गुजरातेतल्या कारखान्यांचा इकडे येतो म्हणे.
चार वाफे भिजले, तेही अर्धे. फुलीबाई विहिरीतून घागर ओढून ओळीत पाणी घालत होती. म्हटलं, बाई, मशीन असताना घागर कशाला? तिने घागर पुन्हा विहिरीत सोडली. तिच्यात धीर कमी आहे.

१९ ऑक्टोबर
साथियाच्या कडा फिक्या वाटल्या. नवा हात दिला. दोन बोटं मोठा केला, दक्षिणेचा जोर दिसतो.
बादली: एकतीस श्रीराम. विचार केला तेव्हा उलगडलं. रोजच्या जपाने माझी जीभ जलद झालीय. आकडा वाढतो, वेळ तेवढाच. उद्यापासून सावकाश जपणे.

२० ऑक्टोबर
सावकाश जपलं. सत्तावीस. म्हटलं नव्हतं?

२२ ऑक्टोबर
फुलीबाई म्हणाली, "फुलं गळी ऱ्हायनात, शेठ." मी समजावलं की फूल गळतं तेव्हाच फळ धरतं, निसर्गाचा नियम आहे. ती तीस वर्षं मिरची लावते. माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. पटलं असावं.
माती पायाला भाजते. मुरमाड रान, चार दिवसही ओल धरत नाही.
घरी इचरजबाईने विचारलं, पाणी चाललंय का? म्हटलं, चाललंय. हे खोटं नाही. चाललंय. धावत नाही इतकंच.

२५ ऑक्टोबर
निजाम सायकलवरून मुद्दाम शेतावर आला. कंट्रोलर उघडून पाहिला, ठीक. पंप ओढून पाहिला, ठीक. मग पॅनलसमोर उभा राहून म्हणाला, "सेठ, बैलजोडीतला एक बसला की दुसराही बसतो. पॅनलचं तसंच असतं. काचेवर जे काही असेल ना..." आणि थांबला.
मी विचारलं, जे काही म्हणजे काय?
"धूळ... वगैरा," म्हणाला. टोपी काढली, परत घातली आणि गेला.
एवढ्या उन्हात चार किलोमीटर सायकल मारून माणूस धूळ सांगायला येतो! पण मनाचा चांगला आहे. काच पुन्हा पुसली. कडेकडेने.

२७ ऑक्टोबर
फुलीबाईने इंजिनवाल्या पार्टीकडे रविनाला, तिच्या मुलीला, धाडलं होतं. तिथल्या लोकांनी सांगितलं, दिवाळी होऊ द्या. मला न विचारता पाठवलं. जरा वाईट वाटलं. पण मिरचीचे शेंडे वाकलेत, आईचं काळीज आहे, मी समजून घेतो.

२९ ऑक्टोबर, धनत्रयोदशी
मोठा निर्णय. अर्धवट केलेलं काम अंगलट येतं. साथिया आता कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. चारही पॅनलवर. शेंदराची आख्खी पुडी लागली. लांबून पाहिलं तर गाडी नव्हे, देव्हारा. फुलीबाईसुद्धा हात जोडून उभी राहिली. कोणाला जोडले ते कळलं नाही.
बादली: एक आख्खी माळ झाली, तरी अर्धीच.

१ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन
झेंडूचे हार घातले. पंप गुरगुरतो, पाणी देत नाही. संपावर असेल.
फुलीबाईच्या शेतातल्या घरी फराळ नेऊन दिला. ती आणि रविना दोघी घागरींनी पाणी घालत होत्या. चूल थंड होती. मीही दोन घागरी ओढल्या. तिसऱ्या घागरीला पाठीने जय हिंद केलं.

४ नोव्हेंबर
नाल्याकडच्या बाजूची मिरची गेली. पानं हाताने चुरली तर चुरा.
संकल्प: मॅन्युअल तिसऱ्यांदा वाचणे. इंग्रजी पानंसुद्धा, डिक्शनरी घेऊन.

५ नोव्हेंबर
डिक्शनरी महावीरच्या पोरांनी रद्दीत दिली.

७ नोव्हेंबर
फुलीबाई मिरची उपटून शेळ्यांपुढे टाकत होती. म्हणाली, गाडी घेऊन जा शेठ, जागा अडते. बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.
गाडी ओढायला निजामला बोलावलं. तो पॅनलजवळ आला, हार उतरवले आणि हलक्या आवाजात विचारलं, "सेठ, पुसू का? तुम्ही हो म्हणालात तरच." मी म्हटलं, काय? त्याने साथियाकडे नुसतं बोट केलं.
हो म्हणालो की नाही, आठवत नाही. त्याने रॉकेलचा बोळा फिरवला. पहिली काच. दुसरी. चौथी काच स्वच्छ निघाली आणि विहिरीतून पाइप गुरगुरून धार सुटली. मनगटाएवढी. मी बादली लावली. आठ श्रीराम.
निजाम खाली बघत म्हणाला, "दसऱ्यालाच दिसलं होतं, सेठ. पण पूजेचं होतं. मी पुसा म्हणालो असतो तर लोक काय म्हणाले असते? तुम्ही काय म्हणाला असता?"
काय म्हणालो असतो ते मला माहीत आहे. इथे लिहीत नाही.
पाणी वाफ्यावाफ्यातून चाललं. उपटलेल्या खड्ड्यांत भरत गेलं. फुलीबाई बांधावर बसून बघत होती. म्हणाली, "आते कोनले पाजू, शेठ?"

८ नोव्हेंबर
यंत्रात दोष नव्हता. हे सिद्ध झालं.
कोणाला सांगावं असं वाटलं नाही.

१० नोव्हेंबर
सकाळी टेम्पो भरून गुजरातला गेला. टेम्पोत गाठोडी, पातेली, कोयते, माणसं. फुलीबाई मागच्या फळकुटाशी बसली होती, मांडीवर रविनाची दप्तराची पिशवी. मी बसस्टँडवर उभा होतो. वाटलं, हाक मारून काहीतरी सांगावं. पुढच्या वर्षी पक्कं, असं काही. तोंडापर्यंत आलं.
शब्द नाही दिला. एवढं एक जमलं.

१३ नोव्हेंबर, तुळशीचं लग्न
इचरजबाईने वृंदावन सारवलं, ऊस उभे केले. मग शेंदराची डबी मागितली, उंबऱ्यावर साथिया काढायला.
डबी रिकामी. म्हणाली, दसऱ्याला तर भरून ठेवली होती, वर एक पुडीही होती. कुठे गेला एवढा शेंदूर?
मी म्हटलं, आणून देतो. चपला घालून बाहेर पडलो आणि निजामच्या दुकानावर जाऊन बसलो. त्याने चहा मागवला. पिऊन झाल्यावर कप मी विसळला.