बांधावरची माती आणि फलकावरचा माझा फोटो

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
भातशेती तणनाशक व मृदाजीव मूल्यमापन प्रकल्प,
जालना.

विषय : माझ्या छायाचित्रासह लावलेला खोटा फलक रद्द करून वाफ्यातील चिखलाचे नमुने घेण्याबाबत.

संदर्भ : आपले दि. १२ ऑगस्ट २०२४ चे पत्र (जिल्ह्यात भात पीक नसल्याने तक्रार उद्भवत नाही).

महोदय,

मी द्वारकाबाई काकासाहेब तौर, निवृत्त अंगणवाडी सेविका, जांब समर्थ शिवारात राहते. कालव्याच्या पाझराने माझी तीस गुंठे जमीन बारमाही ओली असते, म्हणून तिथे भात लावते. तणनाशकाने मातीतले सूक्ष्मजीव मरतात की तगतात, हे पाहण्यासाठी आपणच ती जमीन निवडली, तिचे दोन वाफे पाडले आणि १५ जुलैला एकावर फवारणी केली; नमुने सातव्या, तिसाव्या व साठाव्या दिवशी घ्यायचे ठरले. जे पीक जिल्ह्यात नाही, त्यावर आपण ती कशी केली, हे आपले खातेच जाणो.

२२ जुलै रोजी, म्हणजे सातव्या दिवशी, आपले सहायक नमुने घ्यायला आले. चिखल पाहून त्यांनी बुटांकडे पाहिले आणि बांधावरची कोरडी माती उकरून दोन्ही पिशव्या भरल्या. मी हरकत घेतली, तर म्हणाले, "मावशी, माती ती मातीच. इथली काय न् तिथली काय!" एकीवर 'फवारलेली' आणि दुसरीवर 'न फवारलेली' असे लिहून ते चहा पिऊन गेले.

आमचे शेजारी मुनीरभाई यांची मुलगी महजबीन सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. त्याच संध्याकाळी आम्ही दोघी गुडघाभर चिखलात उतरलो आणि दोन्ही वाफ्यांतली माती घेतली. तिने ती कॉलेजात नेऊन काचेच्या बश्यांत जिवाणू वाढवले व मोजले. न फवारलेल्या मातीत शंभर धरले, तर फवारलेल्या मातीत चौतीस. तिसाव्या दिवशी पुन्हा माती घेतली, तेव्हा तेच सत्तरपर्यंत सावरले होते. औषध म्हणजे विषच, असा माझा हट्ट नाही. पण चौतीसला शंभर म्हणायला सरकारी पगार लागतो, तो मला नाही.

आपण मात्र तिसाव्या दिवसाची वाटही पाहिली नाही. ५ ऑगस्टलाच ग्रामपंचायतीसमोर फलक लागला : 'दोन्ही वाफ्यांच्या मातीत फरक नाही. तणनाशक भातशेतीस पूर्ण निर्धोक.' एकाच ढेकळाच्या दोन पिशव्यांत फरक निघाला असता, तर ते मोठे संशोधन झाले असते. मजकुराखाली माझा फोटो, माझे नाव. मला कुणी विचारले नव्हते.

पाझराच्याच पट्ट्यात हरिओम खरात याने उशिरा भात लावला होता. फलक वाचून त्याने दुप्पट औषध मारले. आठवड्याने त्याची रोपे खुरटली. तो घरी येऊन म्हणाला, "काकू, तुमचा फोटो पाह्यला म्हून मारलं. कंपनीवाल्याचा असता तं मारलं नस्तं." त्याने भांडण केले असते तर बरे झाले असते. छत्तीस वर्षे गावातल्या लेकरांना मी डोस पाजले. माझा शब्द मानून कुणाचे नुकसान झाल्याचे यापूर्वी मला ठाऊक नाही.

फलक काढावा म्हणून आपल्या कार्यालयात आले, तेव्हा "छापून झालंय, आता काही होत न्हाई," असे उत्तर मिळाले. सबब १६ ऑगस्ट रोजी सकाळी दहा वाजता, चार माणसांसमोर, मी फलकावरील माझा फोटो व नाव विळ्याने खरवडून काढले. हरिओम शिडी धरून होता. त्याचा यात दोष नाही.

१३ सप्टेंबर हा साठावा दिवस आहे. त्या दिवशी आपण स्वतः यावे, बूट बांधावर काढावेत आणि दोन्ही वाफ्यांतली व हरिओमच्या शेतातली माती आमच्यादेखत घ्यावी. आकडा जो येईल तो छापावा, माझ्या विरुद्ध गेला तरी.

हे जमत नसेल, तर शासकीय फलक विद्रूप केल्याबद्दल माझ्यावर खुशाल कारवाई करावी. माझ्या नावावर खोटा निष्कर्ष राहण्यापेक्षा खरा गुन्हा राहिलेला मला चालेल.

कळावे, आणि कळल्यास यावे.

अर्जदार,
द्वारकाबाई काकासाहेब तौर
जांब समर्थ, ता. घनसावंगी
दि. २१ ऑगस्ट २०२४

सोबत : महजबीनने केलेल्या मोजणीची प्रत, दोन्ही वाफ्यांतील चिखल, दोन बाटल्या (झाकण घट्ट आहे, हात खराब होणार नाहीत).