डोरथीबाई यंदा एकट्याच आल्या

४ जानेवारी, रविवार
डोरथीबाई आल्या! न कळवता. उपासनेत दुसरं गीत चाललं होतं, दारात टॅक्सीवाला बॅग घेऊन उभा, मागे त्या. निम्मी मंडळी गाणं सोडून उठली. पाळकसाहेबही हसले. इंग्लंडातल्या त्यांच्या मंडळीसाठी आम्ही दर रविवारी प्रार्थना करतो, ते तिकडे आमच्या डिचोलीसाठी करतात. ही जोड आर्थरसाहेबांनी बांधली. तिकडचे पाळक ते, बाईंचे यजमान. दरवर्षी हिवाळ्यात दोघं यायची. साहेब वारल्यावर बाई आज पहिल्यांदाच.
जेवायला घरी आणलं. दोघं दरवर्षी उतरायची त्या मांद्रेच्या गेस्ट हाउसचं विचारलं तर म्हणाल्या, "सुशीला, मी तुझ्याकडेच राहते." बरंच झालं. पोरगी पुण्याला, तिची खोली रिकामीच.

६ जाने., मंगळ
सकाळी जनेल उघडून बाहेर बघत बसल्या होत्या. पोदेराकडून पाव घेऊन आत आले तर विचारलं, "आर्थर उठला का?" वाटलं, सवयीने आलं तोंडात. दुपारी परत. संध्याकाळी त्याच्यासाठी ताट मांडायला सांगितलं.
नर्स म्हणून इतकी वर्षं वॉर्डात काढली. कळलं मला. ह्यांना अजून बोलले नाही.

९ जाने., शुक्र
मी कपडे वाळत घालत होते. शेजारच्या शेट्येवहिनी धावत आल्या. "वयनी, तुमची गोरी बाय स्टँडार उभी असा. कंडक्टराक खंयच्यातरी गावाचा नाव सांगता!"
गेले तशीच. कंडक्टरने त्यांना कंट्रोलरच्या खुर्चीत बसवलं होतं, हातात सोडा दिला होता. भला माणूस. मला बघून बाईंच्या जिवात जीव आला. "सुशीला, ही बस आमच्या चर्चवरून जात नाही म्हणतात."
"नाही जात," म्हटलं.
ह्यांना सांगितलं. त्यांनी उठून फाटकाला कुलूप लावलं. मला ते कुलूप बघवेना.

११ जाने., रवि
उपासनेनंतर पाळकसाहेबांनी तिकडे फोन लावला. नव्या पाळक तरुण बाई आहेत. आवाज गोड. डोरथीबाई इथे आल्यात हे त्यांना ठाऊकच नाही. इकडच्या जोडीचं काम बघणारी कमिटी गेल्या वर्षीच बंद झाली म्हणे. जुनी माणसं गेली, काही मुलांकडे राहायला गेली. रविवारी चार डोकी येतात. सॉरी, सॉरी म्हणत राहिल्या. डोरथीबाईंच्या मुलाचा नंबर दिला.
फोन ठेवून पाळकसाहेब म्हणाले, "मग आपण दर रविवारी प्रार्थना कोणासाठी करत होतो?"
बाई पलीकडे पोरांना टाळ्यांचं गाणं शिकवत होत्या.

१४ जाने., बुध
मुलाशी बोलले. डेव्हिड. माझं इंग्रजी अडखळतं, त्याचं भरभर. आईने त्याला सांगितलं होतं, समुद्राकाठी, मैत्रिणीकडे चाललेय. तो समजला तिकडचाच समुद्र. बायकोचं ऑपरेशन आहे, येऊ शकत नाही. विमानात बसवून द्या, व्हीलचेअर सांगतो, उतरल्यावर मी घेतो.
म्हटलं, माझ्याकडे राहू देत. मी नर्स आहे. इथे त्यांना सगळे ओळखतात.
"आणि व्हिसा संपल्यावर? तिला काही झालं तर कोण जबाबदार? तुमचं चर्च?"
आमचं चर्च म्हणजे भाड्याचा हॉल आणि महिन्यातून दोनदा बेळगावहून येणारे पाळक. खाणी बंद पडल्यापासून आमचीही माणसं पांगलीच की.
हे म्हणाले, "आवस ती त्याची. आपण कोण सांगणारी?"
खरंय. तरी रडू आलं.

१८ जाने., रवि
आजचा दिवस इतका चांगला! सगळी उपासना पुस्तक न बघता म्हटली, प्रभूची प्रार्थना तर मराठीत. प्रत्येकाची विचारपूस केली. लोक मलाच म्हणाले, सुशीलाताई, तुम्ही उगाच घाबरता, बाई ठणठणीत आहेत.
संध्याकाळी केस विंचरून देत होते. आरशातून माझ्याकडे बघून हसल्या. "तुम्ही फार प्रेमळ आहात. तुमचं नाव काय?"
सांगितलं.

२२ जाने., गुरु
तिकीट आलं. मंगळवारचं. सांगितलं तर खोलीत जाऊन कडी लावली. "मी आत्ताच आलेय! कुठे पाठवता मला?" दार वाजवून वाजवून मी तिथेच खाली बसले.
पाळकसाहेबांना फोन केला. ते म्हणाले, "आर्थरसाहेब तिकडे वाट बघतायत म्हणा. निघतील."
"तुम्ही सांगा. तुम्ही पाळक आहात."


२७ जाने., मंगळ
मोपा विमानतळ. शेट्ये भावजींनी गाडी काढली. वाटेत बाई खूश होत्या, मुलीसारख्या बाहेर बघत होत्या. दारापाशी पोचलो आणि हात घट्ट धरला. तिकीट नसलेल्याला आत सोडत नाहीत. व्हीलचेअरवाली मुलगी पेडण्याचीच. "आज्ये, चल गो, हांव आसां न्ही," म्हणत तिने धीर दिला. बाईंनी मला विचारलं, "आर्थर आत आहे का?"
मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.
त्यांनी हात सोडला.
हे म्हणतात, काचेच्या आतून त्यांनी वळून बघितलं. मी बघितलं नाही. जमलंच नाही.

३० जाने., शुक्र
मुलाचा काही निरोप नाही. मेसेज टाकला. बघितलाय, उत्तर नाही.

१ फेब्रु., रवि
पाळकसाहेबांनी जोडमंडळीची प्रार्थना मला करायला सांगितली. उभी राहिले. "प्रभू, आमच्या" एवढंच म्हणाले आणि पुढे... साहेबांनी आमेन म्हणून मला सोडवलं.

८ फेब्रु., रवि
डेव्हिडचा फोन, चेहरा दिसणारा. थकलेला दिसला. आई पोचली, एका वृद्धाश्रमात आहे. तिला नीट सांभाळतात, पण जेवत नाही. आधी मला एकटीला म्हणाला, "ती सारखी विचारते, पुढच्या हिवाळ्यात इंडियाला कधी जायचं. मी जायचंय म्हणून सांगतो. तिने विचारलं तर तुम्ही कृपा करून..." ह्या माणसावर मी किती चिडले होते.
मग त्याने फोन तिकडे फिरवला. बाईंचे गाल बसलेत. अंगात कोणाचातरी निळा स्वेटर.
"सुशीला! बरी आहेस ना? मंडळी कशी आहे?"
"बरी आहे, बाई."
"मी कधी येऊ? तारीख सांग म्हणजे हा तिकीट काढेल."
डेव्हिड मागे उभा, माझ्याकडे बघत होता.
"थांबा," म्हटलं, "कॅलेंडर बघून सांगते." आणि उठून भिंतीपाशी गेले.