धक्क्यावरून परत गेलेले आंबे

प्रिय थोरले दादा, मानोंग इसियो,

वर्ष झालं, इलोइलोहून बाजार करून उतरले की धक्क्यावरचा पहारेकरी माझ्या सुक्या मासळीत नाक खुपसून आंबा शोधतो. बाईमाणसाच्या मासळीची ही विटंबना कुणामुळे? तुमच्यामुळे! गिमारास बेटावर कीड येईल म्हणून बाहेरचा आंबा उतरू देत नाहीत, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आणि इथेच जन्मलेले तुम्ही आईच्या ऐंशीव्या वाढदिवसाला तुमच्या इलोइलोच्या अंगणातले पहिले आंबे केकच्या खोक्यात लपवून आणलेत!

"तुम्ही या हो, आंबे तेवढे परत," पहारेकरी म्हणाला.

"मग मीही परत!" म्हणत तुम्ही त्याच बोटीत जाऊन बसलात. मधलं पाणी पंधरा मिनिटांचं, पण तुम्ही वर्षभर परदेशी गेल्यासारखे गप्प.

आता खरं सांगते. पहारेकऱ्याच्या कानात मीच सांगून ठेवलं होतं. फोनवर तुम्ही या धाकट्या बहिणीला लाडाने म्हणालात ना, "इंदाय, आंबा कशाला म्हणतात ते दाखवतो तुम्हाला"? सगळ्यात गोड आंबा आपल्या गिमारासचा, आणि आम्हालाच शिकवता? फार झोंबलं मला.

काल आईपुढे कबूल केलं. तिने आधी पळी उगारली, मग म्हणाली, "आंबे इकडे येत नाहीत ना? मग मी तिकडे जाते. मला काही कीड लागलेली नाही!"

ती उद्या पहिल्या बोटीने निघतेय. माझी चुगली ती तिखटमीठ लावून सांगेलच, म्हणून हे पत्र टाकत नाही. तिचं जायचं तिकीट मी काढलंय. परतीची मात्र दोन काढलीत.

तुमची आगाऊ धाकटी,
मेलिंग