मोज्यातला अडॅप्टर

आई,

आधी नमस्कार, मग हवं तेवढं ओरड.

माझा श्वासाचा रेग्युलेटर आटे फिरवून हवेच्या टाकीला बसतो, तोच प्रकार मजबूत, असं तुला ऐकवलं होतं ना? इथल्या सगळ्या टाक्या चिमट्यावाल्या निघाल्या! डायव्हिंगचे सर म्हणाले, "बस आता काठावर लाटा मोजत."

रडकुंडीला येऊन बॅगेतून मोजे काढले, तर आत आट्यांना चिमट्याशी जुळवणारा अडॅप्टर! मी 'उगाच ओझं' म्हणून घरी टेबलावर सोडलेला. मी पाण्यात उतरूच नये म्हणणारी तू, तूच कोंबलास ना?

थोडी हवा फुसफुसली, पण सरांनी वॉशर बदलला, दोनदा तपासलं. खाली अगदी घरच्यासारखा श्वास घेतला गं.

तुझा खोकला गेला का? बाबांना फुसफुशीचं सांगू नकोस.

तुझी धडधाकट, कोरडी झालेली
लेक