लांब बाह्या

दि. ४ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

इथे सर्व क्षेम. शिवणाच्या दुकानात गणवेशांची घाई आहे, मान वर करायला फुरसत नाही. यांचं औषधांचं दुकानही जोरात चालतंय. सगळी गल्ली यांना देवमाणूस म्हणते. तुझं मांजर अजून उशीवर आणि तू खुर्चीवर, खरं ना?

एक काम होतं. तुझे लांब बाह्यांचे जुने ड्रेस असतील तर पाठव. दुकानातला पंखा फार लागतो. हे पत्र हेच पोस्टात टाकणार आहेत. वाचून तुला नमस्कारही सांगितलाय.

लोभ आहेच, थोडा वाढवलास तर ठेवायला जागा करीन.

तुझी,
धाकटी

दि. १० मे

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू कधी एकटी नसतेस, म्हणून मुद्दाम तुझ्या दुकानाच्या पत्त्यावर लिहितेय. मांजराचं सोड. ऐन मे महिन्यात लांब बाह्या? उकडतं म्हणून नव्या फ्रॉकच्या बाह्या कात्रीनं उडवून आईची बोलणी खाणारी तू, तुला पंखा लागतो? आणि मला लिहिलेलं पत्र त्यानं का वाचावं?

तो तुझ्यावर हात उचलतो का? मला बनवू नकोस.

वाट बघणारी,
ताई

दि. १७ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हो. एवढं लिहितानाही कान तापले. मार मी खाते आणि गल्लीतून मान खाली घालून चालते तीही मीच. नंतर हे आपल्याच दुकानातून मलम आणतात, हलक्या हातानं लावतात. जायचं कुठे? डॉक्टरांची चिठ्ठीसुद्धा यांच्याच हातात पडते. आणि तुला कुठल्या तोंडानं सांगू? या लग्नाचा हट्ट माझाच होता.

बेकरीत काम करणारी एक बाई माझ्याकडून नेहमी बाह्या लांब करून घ्यायची. मी कधी कारण विचारलं नाही. काल तेच ड्रेस आखूड करायला घेऊन आली. माप घेताना माझी बाही वर सरकली. मी घाईघाईनं इस्त्रीचं नाव सांगितलं. ती म्हणाली, की ती भट्टीचं सांगायची. मग हळूच म्हणाली, वाचनालयाच्या मागे महिला मदत केंद्र आहे, तिथे राहायची सोयही होते, ती सोबत येईल. लाजेनं माझी अशी तारांबळ उडाली की कोपरापर्यंत कापायची बाही पार खांद्यापाशी कापली. ती हसली आणि ड्रेस तसाच घेऊन गेली.

पण ताई, वाटेत यांचं दुकान लागतं. मला तिकडे वळताना लोकांनी पाहिलं तर?

हे वाचूनही लोभ उरला तर कळव.

धाकटी

दि. २२ मे

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

लोभाचं काय विचारतेस, वेडाबाई? लाज मला वाटायला हवी, चारचौघांत त्याचे गोडवे गात होते. हट्ट तुझा असेल, हात त्याचा आहे. त्या बाईबरोबर जा, घरात चकार शब्द काढू नकोस. तुझा निरोप आला की मी निघते.

तुझीच,
ताई

दि. २८ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल गेले. केंद्रातल्या बाईंनी आधी एवढंच विचारलं, की आज घरी परत जाणं धोक्याचं नाही ना. मी सवयीनं नाही म्हटलं. मग बाह्या वर केल्या. त्यांनी मला इथेच ठेवून घेतलंय. तक्रार कशी करायची तेही समजावून सांगितलं. लाज अजून गेलेली नाही. चहाचा कप घेतानाही हात लपवते.

बेकरीवाली तोच ड्रेस घालून आली होती, एक बाही मनगटापर्यंत, दुसरी खांद्यापाशी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नीट करून देते म्हटलं तर नको म्हणाली. यांच्या दुकानासमोरून गेलो तेव्हा हे एका आजीबाईंना गोळ्या कशा घ्यायच्या ते मायेनं समजावत होते. मी तिच्या आड सरकले. पण सगळी गल्ली तिच्या बाह्यांकडे बघून हसत होती आणि ती ताठ मानेनं चालत होती. माझ्याकडे कुणी पाहिलंच नाही.

लोभासकट लवकर ये. येताना कात्री आण, माझी दुकानातच राहिली. इथे फार उकडतंय.

तुझी,
धाकटी